जन्माच्या वेळचं आडनाव

शेंगेन व्हिसाच्या अर्जात पहिला रकाना आडनावाचा असतो आणि दुसरा ‘जन्माच्या वेळचं आडनाव’ असा. १९९८ ते २०२४ अशी सव्वीस वर्षं मी दादरच्या एका टूर कंपनीत व्हिसाच्या टेबलावर बसले. त्यातल्या निम्म्या फाइली हनिमूनवाल्यांच्या. नवऱ्यामुलाचा अर्ज भरताना त्या दुसऱ्या रकान्याशी मी कधी थांबले नाही, वरचंच खाली उतरवायचं. नवरीच्या अर्जाशी मात्र पेन अडायचं. “पासपोर्टवर कुठलं आडनाव आहे गं?” असं विचारलं की ती नवऱ्याकडे बघायची, नवरा आईकडे बघायचा आणि आई म्हणायची, “आता आमचंच लावा की!”

लावा म्हणजे? ते काय दारावरची पाटी होतं?

कामाला लागले तेव्हा मला वाटायचं, व्हिसाचं काम म्हणजे फाडफाड इंग्रजी आणि परदेशी साहेबांशी उठबस. पहिल्या सहा महिन्यांत कळलं की हे शुद्ध कारकुनी काम आहे. फक्त या कारकुनाला लोकांच्या घरातलं सगळं दिसतं. फ्लॅट कोणाच्या नावावर, लग्नाला कर्ज किती काढलं, मुलगा सांगतो तेवढा पगार खरंच येतो का. कॉन्सुलेटला सगळ्यांत जास्त एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, ही माणसं परत येणार का. नोकरीचं पत्र, रजेचं पत्र, तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स, बँकेच्या शिक्क्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, घराचे कागद, हे सगळं त्यासाठी. नवऱ्यामुलाकडे ते एका फोल्डरमध्ये तयार असायचं. नवरीची नोकरी लग्नासाठी सोडलेली, नाहीतर नाशिकहून बदली मागितलेली आणि ती अजून अडकलेली. खातं माहेरच्या नावाचं, माहेरच्या गावातल्या शाखेत. पत्ता एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरा. लग्नानंतरचे दोन-चार महिने मुलगी कागदोपत्री कुठलीच नसते. हे मला कोणी शिकवलं नाही, फाइलींच्या जाडीवरून कळलं. त्याची फाइल बोटभर, तिची पापडाएवढी.

तांदळाच्या ताटानं आमची किती तिकिटं खाल्ली याचा हिशेब नाही. लग्नात नवरा अंगठीनं ताटातल्या तांदळांत बायकोचं नवं नाव लिहितो. काही घरांत आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदलतात, मुलाच्या नावाला शोभेलसं काहीतरी ठेवतात. एका मुलानं बायकोला सरप्राइज म्हणून मॉरिशसची तिकिटं परस्पर काढली, ती त्या तांदळातल्या नावानं. मॉरिशसला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. म्हणजे फाइल नाही, आणि फाइल नाही तिथे चूक पकडणारंही कोणी नाही. हॉटेल तेवढं आमच्याकडून घेतलं होतं म्हणून रात्री दोन वाजता विमानतळावरून फोन मला. काउंटरवरचा माणूस म्हणत होता, तिकिटावरची बाई आणि पासपोर्टवरची बाई वेगळ्या आहेत. त्याचं काय चुकलं? एकही शब्द जुळत नव्हता. सकाळी नवं तिकीट काढलं, दुप्पट पैशांनी. मुलाचा आवाज रडवेला झाला होता. मागून मुलगी म्हणत होती, “मी म्हटलं होतं, मला माझंच नाव आवडतं.”

याच्या उलट प्रकारही झाला. एका सासूबाईंचा हट्ट, की सून परदेशी जाईल तर आमच्या आडनावानंच. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पासपोर्ट बदलायला टाकला, नवं नाव, नवा पत्ता. पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार आला तेव्हा घरात कोणी नव्हतं, सगळी मंडळी जेजुरीला. त्यानं शेजारी विचारलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, या नावाचं कोणी इथे राहत नाही. आठ दिवसांपूर्वी या बाई तिच्याच लग्नात जिलबी खाऊन आल्या होत्या, पण त्यांना ती ‘धाकटी सूनबाई’ म्हणूनच माहीत! रिपोर्ट उलटा गेला, पासपोर्ट रखडला. युरोपचं बुकिंग रद्द करून ती दोघं मुन्नारला गेली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगायला लागले, आधी जाऊन या, नाव मग बदला. आणि नाहीच बदललं तरी कुठलंही विमान थांबत नाही. शेवटचं वाक्य सासूबाई समोर असतील तर गिळायचे.

तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन. लग्न डिसेंबरात आणि विमान लग्नानंतर सहाव्या दिवशी. म्हणजे अर्ज लग्नाआधी भरायचा. तिथे ‘अविवाहित’वर खूण करायची आणि प्रवासाचं कारण हनिमून! लग्न नोंदणीचा दाखला नंतर मिळणार. त्यालाही तीन साक्षीदार लागतात आणि भटजी सहीला सापडावे लागतात. मग पुरावा काय? पत्रिका. ती मराठीत, म्हणून भाषांतर मी करायचे. ‘चि. सौ. कां.’ला इंग्रजीत काय म्हणणार? पहिल्यांदा मी इमानदारीत शब्दाला शब्द लावला, दीर्घायुषी आणि सौभाग्याची आकांक्षा धरणारी असं काहीतरी. कॉन्सुलेटमधून फोन आला, ही पदवी आहे का, कुठल्या विद्यापीठाची? नंतर मी सरळ ‘मिस’ लिहायला लागले. खालची ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ ही किलबिल गाळायचे. ज्यांचं लग्न झालेलं असे, त्यांच्याकडून लग्नाचा फोटो मागायचे. एका घरानं इतक्या हौसेनं फोटो पाठवला, की त्यात दोघांच्या मध्ये अंतरपाट होता. दोघं एकमेकांना दिसत नव्हती, साहेबाला कुठून दिसणार?

बँक स्टेटमेंटचं दुखणं वेगळंच. लग्नाच्या आधी खातं धुऊन निघालेलं, हॉलचे पैसे, केटरर, सोनं. लग्नानंतर आहेराची पाकिटं एकदम भरलेली. एका दिवशी दोन लाख रोख जमा झाले की फाइल बघणाऱ्याला वाटतं, कोणाकडून तरी उसने आणून दाखवलेत. आत्या, मामा आणि ऑफिसातले लोक मिळून दोन लाख देतात हे कव्हर लेटरमध्ये समजावताना मी आहेर या विषयावर जवळजवळ निबंध लिहिले आहेत. पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असलं तर मात्र पंचाईत, कारण तेही मीच भाषांतर करून दिलेलं असायचं.

आणि मेंदी. २०१५च्या नोव्हेंबरात शेंगेनसाठी आपल्याकडे बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात झाली. त्याच डिसेंबरात एक मुलगी लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ठसे द्यायला गेली. बोटांची टोकं काळीभोर, रंग असा चढलेला की सासरी कौतुक झालं असेल. मशीन काही केल्या ठसा घेईना. धुऊन ये, तेल लावून पूस, पुन्हा ठेव. शेवटी चार दिवसांनी या म्हणाले. विमान दोन दिवसांनी होतं. त्या संध्याकाळीच मी आमच्या कागदपत्रांच्या यादीत एक ओळ वाढवली: मेंदी काढताना बोटांची टोकं मोकळी ठेवावीत. ती यादी वाचून एका आईनं मला झापलं होतं. टोकांना मेंदी नाही म्हणजे नवरी अर्धी दिसते म्हणे.

आता माझी चूक. ती लपवून हे सगळं सांगण्यात अर्थ नाही.

२००४चा मे महिना. तेव्हा स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये नव्हतं, ते २००८च्या डिसेंबरात आलं. आणि आपल्या लोकांना तर हनिमून म्हणजे बर्फ, बर्फ म्हणजे स्वित्झर्लंड. सिनेमांनी ते डोक्यात घट्ट बसवलेलं. एका जोडप्याचा कार्यक्रम होता पॅरिस, इंटरलाकेन, मग रेल्वेनं इटली, रोमहून परत. स्विस व्हिसा मी वेगळा काढला, शेंगेनही काढला. पण शेंगेन काढला एकाच प्रवेशाचा. फ्रान्स सोडून स्वित्झर्लंडमध्ये शिरलं की शेंगेनबाहेर पडलात. पुन्हा इटलीत शिरायला दुसरा प्रवेश लागतो. मला हे माहीत होतं. शंभर वेळा केलेलं होतं. त्या आठवड्यात तीस फाइली होत्या आणि मी चुकीच्या चौकोनात खूण केली, बस्स.

इटलीच्या सीमेवर त्यांना गाडीतून उतरवलं. बॅगा प्लॅटफॉर्मवर, हातात दोघांची मिळून एक छत्री आणि ठेपल्यांचा डबा, हे मला त्या मुलीनं नंतर सांगितलं. उलट्या गाडीनं परत स्वित्झर्लंडला. रोमचं हॉटेल गेलं, परतीचं तिकीट गेलं. तीन दिवसांनी झुरिकहून नव्या तिकिटांवर घरी.

ती दोघं ऑफिसात आली तेव्हा मी तयारीत होते, की मुलगा ओरडेल. तो गप्प बसला. मुलीनं पासपोर्ट उघडून तो व्हिसा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “मॅडम, यात आम्ही वाचायला हवं होतं असं काही होतं का?” नव्हतं. म्हणजे होतं, व्हिसावर प्रवेशांची संख्या छापलेली असते, पण ती वाचायचे पैसे त्यांनी मला दिले होते. आमच्या साहेबांनी नुकसान भरून दिलं, माझ्या पगारातून सात महिने कापलं आणि मला काढलं नाही. त्यानंतर वीस वर्षं मी व्हिसा हातात आला की जोडप्याला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवायचे: नाव, तारीख, किती दिवस, किती वेळा आत. लोक हसायचे. मंगलाष्टकांनंतर हेच ऐकायचं राहिलं होतं, असं एक जण म्हणाला.

सगळ्यांत लांब हनिमून मी ज्यांचा हाताळला ती पुण्याची दोघं. डिसेंबर २०१७मध्ये लग्न. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, आणि दोघांनीही राजीनामे दिलेले. फेब्रुवारी ते जून, चार महिने फिरायचं. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, मग युरोप. त्यांचा बेत असा, की युरोपचा व्हिसा बँकॉकमध्ये काढू. मला हसू आलं. आपण जिथे राहतो तिथूनच शेंगेनचा अर्ज करायचा असतो. पर्यटक म्हणून बँकॉकला गेलेल्या माणसाला तिथे सहसा दारातूनच परत पाठवतात. शिवाय तेव्हा प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी अर्ज घेत नसत. १ मेला युरोप म्हणजे १ फेब्रुवारीला अर्ज, आणि १५ला यांचं बँकॉकचं विमान. मधल्या काळात पासपोर्ट कॉन्सुलेटकडे.

तारखा जुळवता आल्या असत्या. नोकरी जुळवता येईना. परत येणार याचा पुरावा काय, तर भाड्याचा फ्लॅटही सोडलेला, सामान सासवडला काकांच्या माळ्यावर. मी त्यांना म्हटलं, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही, की ओळखीच्या एका कंपनीचं ‘सहा महिने बिनपगारी रजा’ असं पत्र मिळू शकेल. आमच्या धंद्यात असली पत्रं होती. मुलगा माझ्याकडे बघायला लागला, म्हणजे विचार करत होता. मुलगी म्हणाली, “नको मॅडम. नोकरी सोडली हे मी माझ्या आईला खरं सांगितलंय. त्याहून अवघड कोणाला सांगायचंय?”

खरं लिहिलं. १२ तारखेला पासपोर्ट परत आले, सोबत नकाराचा छापील कागद. त्यावर कारणांची यादी असते आणि एका चौकोनात खूण. मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या इराद्याची खात्री पटली नाही, या अर्थाच्या चौकोनात होती. तेव्हा फी ६० युरो होती, ती परत मिळत नाही. दोघांचे १२० गेले.

माझी अपेक्षा होती की आता बेत मोडेल. ती दोघं तिथेच, माझ्या टेबलावर नकाशा पसरून बसली. मी कँटीनमधून चहा मागवला. भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय जाता येईल असा युरोपचा कुठला तुकडा आहे, असं मुलीनं विचारलं. त्या वेळी एक होता, सर्बिया. २०१७च्या सप्टेंबरपासून तीस दिवस व्हिसा लागत नव्हता. (२०२३ उजाडताना ती सवलत बंद झाली.) जॉर्जियाचा ई-व्हिसा मिळत होता. तुर्कस्तानचाही मिळतो, पण त्यासाठी हातात आधी शेंगेन, अमेरिका किंवा ब्रिटन असला कुठला तरी व्हिसा लागतो. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला मिळतो. अशी दोन तास कापाकापी करून त्यांनी पॅरिस-प्राग-रोमच्या जागी तिबिलिसी आणि बेलग्रेड लिहिलं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी व्हॉट्सॲपवर कळत गेलं. लाओसमधून हनोईला जाताना काउंटरवर अडवलं. व्हिएतनामचा ई-व्हिसा मुलानं स्वतः भरला होता आणि बायकोच्या नावापुढे स्वतःचं आडनाव टाकलं होतं. पासपोर्टवर तिचं माहेरचं. विमान गेलं, पंचवीस डॉलर गेले, नवा अर्ज, मध्ये शनिवार-रविवार. “तुम्ही तर वाचून दाखवता,” तिनं मला लिहिलं, “यानं न दाखवताच पाठवला.” लग्नानंतरचं पहिलं भांडण मेकाँगच्या काठावर, व्हिएन्तिआनला झालं. दोन दिवस अबोला. त्याचं म्हणणं, पत्रिकेवर बघून बघून ते नाव हाताला लागलं होतं. तिचं म्हणणं, ती पत्रिका त्याच्या घरी छापली होती.

पुढे एका विमानतळावर त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं, हा तुझा कोण, ही तुझी कोण, आडनावं का वेगळी? मी बळेच बॅगेत कोंबलेला नोंदणीचा दाखला तिथे कामाला आला. त्याहून जास्त कामाला आला तो मोबाइलमधला फोटो. मुंडावळ्या बघून तिथली अधिकारी बाई हसायला लागली आणि दुसरीला बोलावून दाखवायला लागली.

मेच्या शेवटी सुबोटिसाहून फोटो आला. सर्बियाच्या उत्तर टोकाचं गाव, तिथून हंगेरीची हद्द दहाएक किलोमीटर. दोघं एका तळ्याकाठी मका खात बसलेली. खाली लिहिलं होतं, “काकू, शेंगेन इथून सायकलवर आहे. जात नाही.” मॅडमची काकू मी कधी झाले ते कळलं नाही.

इकडे पुण्यात मुलीच्या आईचा जीव वरखाली. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता, १६ मे ते १३ जून. जावयाचा पहिला धोंड्याचा महिना आणि जावई सर्बियात! त्यांनी मला फोन करून विचारलं, तुमच्याकडून काही लवकर येण्याचं करता येईल का. मी म्हटलं, वहिनी, माझं काम लोकांना बाहेर पाठवायचं. पण सर्बियाचे तीस दिवसच त्यांच्या कामी आले. ११ जूनला दोघं उतरली, १२ला जावयाला पाटावर बसवलं, तेहतीस अनारसे चांदीच्या वाटीत मावेनात म्हणून परातीत. जावई दिवा हातात घेऊन बसल्या बसल्या पेंगला. हे सांगायला मुलगी मुद्दाम दादरला आली, माझ्यासाठी दोन अनारसे घेऊन. तेहतिसातले नव्हेत, जास्तीचे. जाळी सुरेख पडली होती.

मी तिला विचारलं, आता नाव बदलणार का? ती म्हणाली, “पासपोर्टला अजून सात वर्षं आहेत. बघू.”

त्या रजेच्या पत्राचं काय, तर ती पत्रं देणं मी बंद केलं. एकदम नाही, साहेबांशी दोनदा वाद झाला आणि दोन-तीन गिऱ्हाइकं शेजारच्या एजंटकडे गेली.

मी स्वतः १९९९मध्ये लग्न केलं. मधुचंद्र माथेरान, तीन रात्री, त्यातली एक लाइट नसलेली. तांदळात माझं पहिलं नाव तेच राहिलं, आडनाव बदललं. पासपोर्ट मग २००३मध्ये नव्या आडनावानंच काढला, तेव्हा त्याचा विचारही केला नव्हता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, २०२४च्या पावसाळ्यानंतर, मुलानं आम्हा दोघांची इटलीची तिकिटं काढली. तोवर मी काम सोडलं होतं. अर्ज मात्र मीच भरला, डायनिंग टेबलावर, चष्मा लावून. फी आता ९० युरो झाली आहे. ह्यांचा अर्ज दहा मिनिटांत झाला. माझ्या अर्जात दुसऱ्या रकान्याशी आले आणि वडिलांचं आडनाव लिहिलं. घरच्या टेबलावर ते अक्षर मी किती वर्षांत काढलं नव्हतं. त्यातलं जोडाक्षर इंग्रजीत एका एचनं लिहायचे की दोन, हे बघायला शाळा सोडल्याचा दाखला काढावा लागला.

सेंटरमध्ये टोकन घेऊन बसलो. समोरच्या रांगेत हिरव्या चुड्यातली एक मुलगी, बोटांची टोकं मोकळी. मी ह्यांना कोपरानं ढोसून दाखवलं. मग आमचा नंबर आला. काउंटरवरच्या पोरीनं माझे कागद भराभर उलटले, एकही कागद मागेपुढे नव्हता, आणि शेवटी फोटो उचलून माझ्याकडे बघितलं. भाचीच्या लग्नाआधी काढला होता, वर्ष होऊन गेलेलं. त्यात मी बरी दिसते.

“मॅडम, सहा महिन्यांच्या आतला लागतो. बाहेर बूथ आहे.”

ह्यांनी काही न बोलता माझी पर्स धरली आणि मी फोटो काढायला गेले.